स्वतंत्र घरांच्या वसाहतींचे भवितव्य



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो पगारवाढीवर नाहीतर मालकवर्गावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज घरांवर बोलणार आहे. त्यातही वाड्यांवर नाही, चाळींवर नाही, उंच इमारतींवरही नाही. गावाच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून, एका कुटुंबाला एक घर, पुढे चार हात अंगण आणि भोवती कुंपण अशा ज्या वसाहती उभ्या राहतात, त्यांच्यावर. परभणीहून इकडे येताना, पूर्णेकडे जाताना, नांदेडच्या चहूबाजूंनी, जिथे पाहाल तिथे शेताच्या बांधावर पाटी उभी असते: प्लॉट विकणे आहे. त्या पाटीवर नारळाची झाडे असतात, डांबरी रस्ता असतो, एक हसरे कुटुंबही असते. शेतात मात्र चुन्याच्या फक्कीच्या रेघा आणि सिमेंटचे ठोकळे एवढेच असते.

आमच्याकडचा हमाल, जिनिंगमधला कामगार, एस.टी.चा वाहक निवृत्त झाला, हाती फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले, की तो पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, प्लॉट घेऊ का?" मुलीचे लग्न, मुलाची नोकरी हे प्रश्न मागून येतात. उभ्या आयुष्यात एकदाच एवढी रक्कम त्याच्या हाती येते आणि ती तो जमिनीच्या एका तुकड्यात घालतो. आज बांधलेले घर आणखी चाळीस वर्षांनी त्याच्या नातवाला उपयोगी पडेल की गळ्यातले लोढणे होईल, हा विचार त्याच्यासाठी कोणी करीत नाही. विकणारा तर मुळीच करीत नाही. म्हणून आपण तो करू. आणि तो करायचा तर इतिहासाकडे गेले पाहिजे, कारण अशा वसाहती आपल्या देशात शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचे पुढे काय झाले ते डोळ्यांनी पाहता येते.

मूळ आपल्या मराठवाड्याच्या गावात असले घर नव्हते. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरे. जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवद. दारात बैल, आत ढाळज, मागे परस. एका भिंतीचे दोन मालक. यात भांडणे पुष्कळ, पण एक सोय होती. गल्लीचा रस्ता, पाण्याचा आड, रात्रीची राखण, सारे थोडक्या जागेत होते. कुटुंब वाढले की वाड्याचे दोन भाग होत, घटले की एक भाग कोणाला तरी राहायला दिला जाई. या घरांत सुख होते असे मी म्हणणार नाही. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले त्यांना तर गावठाणाचा हा शेजार कधी लाभलाच नाही. जुन्या गावाचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

स्वतंत्र घराची कल्पना शहराच्या भीतीतून जन्मली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीत माणसे पटापट मेली. १८९८ साली सरकारने मुंबई सुधारणा ट्रस्ट काढला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याला मोकळ्या जागेवर नवी वस्ती वसवायची, हे त्याचे काम. योगायोग असा की त्याच १८९८ साली इंग्लंडमध्ये एबनेझर हॉवर्ड या गृहस्थाचे उद्याननगरांवरील पुस्तक निघाले. हा हॉवर्ड कोणी मोठा पदवीधर नव्हता; लघुलेखन करून पोट भरणारा साधा माणूस होता, आणि म्हणूनच मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी आहे. १९०३ साली लेचवर्थ येथे त्याच्या कल्पनेचे पहिले नगर सुरू झाले. परंतु हॉवर्डचे म्हणणे काय होते, हे त्याची नक्कल करणाऱ्यांनी अर्धेच वाचले. घराभोवती बाग असावी एवढेच त्याने म्हटले नव्हते. जमीन सर्वांच्या सामाईक मालकीची असावी, कारखाने आणि शेती त्याच नगराला लागून असावीत, आणि जमिनीचे मोल वाढेल त्याचा लाभ वस्तीलाच मिळावा, असे त्याचे म्हणणे होते. जगाने बाग उचलली आणि सामाईक जमीन सोडून दिली. आजच्या आपल्या विषयाचे बरेचसे दुखणे या अर्धवट वाचनात आहे.

आपण त्या काळी निजामाच्या राज्यात होतो. तिकडेही असेच घडले. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला, हैदराबादेत हजारो माणसे गेली, आणि १९१२ साली सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. प्लेग असो की पूर, संकट आले की शहर बाहेर पसरते. हा धडा पुढेही वारंवार दिसेल.

मुंबईत मध्यमवर्गाने स्वतःची वाट काढली ती सहकाराची. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. ती देशातल्या अगदी आरंभीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. ती गाळ्यांची संस्था होती, स्वतंत्र बंगल्यांची नव्हे. पण 'आपण एकत्र येऊन घरे बांधू शकतो' ही गोष्ट तिने दाखवून दिली. पुण्यात याच सहकारी मार्गाने डेक्कन जिमखाना, एरंडवणे, प्रभात रस्ता येथे बंगल्यांच्या वसाहती वाढल्या. प्राध्यापक, वकील, पेन्शनर अधिकारी यांनी त्या वसवल्या. आंब्याची, चाफ्याची झाडे, व्हरांडा, मागे नोकराची खोली. कामगाराला त्या नोकराच्या खोलीपलीकडे जागा नव्हती. परंतु त्या वसाहतींतून कित्येक शाळा, ग्रंथालये, संस्था निघाल्या हेही खरे आहे.

या बंगल्यांचे पुढे काय झाले? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठची घरे वाहून गेली. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती झाल्या. सहकारनगर, गोखलेनगर ही नावे त्यांतलीच. शंभराहून अधिक संस्था झाल्या. जमीन सरकारची, भाडेपट्ट्याची. मालकी हक्कासाठी त्या लोकांना पुढे पिढीभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. ज्या जागा १९६१ साली गावाबाहेर होत्या, त्या आज शहराच्या मध्यात आहेत. आणि तेच त्यांचे संकट झाले.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. भाव वाढला तर संकट कसले? पण पाहा. म्हातारा-म्हातारी बंगल्यात, मुले अमेरिकेत, छप्पर गळते, घरपट्टी वाढते, आणि दारात बांधकाम व्यावसायिक उभा. शेजारच्या दोन बंगल्यांच्या जागी चार मजली इमारत झाली की तिसऱ्या बंगल्यात ना ऊन येते ना एकांत राहतो. मग तोही विकतो. १९६३ साली मालकीच्या गाळ्यांचा कायदा आला, १९७० साली अपार्टमेंटचा कायदा आला. गाळे विकणे सोपे झाले आणि बंगल्यांच्या ओळीच्या ओळी मोडल्या. ही वसाहत दारिद्र्याने मेली नाही, भावाने मेली. राहणाऱ्यांच्या हाती पैसा आला म्हणून त्याचा बोभाटा झाला नाही इतकेच. भाड्याने मागच्या खोलीत राहणारे, घरकाम करणाऱ्या बाया, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांचे काय झाले, याची नोंद कुठेही नाही.

वसाहत मरण्याची ही एक तऱ्हा झाली. दुसरी उलटी आहे: भाव येत नाही, माणूस राहत नाही, घर ओस पडते. तिचा सर्वांत मोठा देखावा अमेरिकेत पाहायला मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहिली. मोटारीच्या कारखान्यात मोटारी जशा ओळीने तयार होतात तशी घरे, चार वर्षांत सतरा हजारांहून अधिक. घेणारे बहुतेक लढाईहून परतलेले सैनिक. करारात स्पष्ट कलम होते की गोऱ्यांखेरीज कोणाला घर द्यायचे नाही; म्हणजे तिथेही गावकूस होतेच. सारी वस्ती मोटारीवर अवलंबून. जोवर पेट्रोल स्वस्त आणि कारखाना चालू, तोवर हे ठीक होते. १९७३ साली तेलाचा भाव भडकला, पुढे कारखाने उठून गेले. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. १९५० साली त्याची वस्ती साडेअठरा लाख होती, ती पुढे सात लाखांच्या खाली आली आणि २०१३ साली त्या शहराच्या नगरपालिकेने दिवाळे जाहीर केले. तिथली हजारो रिकामी घरे स्वतंत्र, अंगणाची, चांगल्या लाकडाची होती. घर मजबूत होते. ज्या कामावर ते टेकले होते ते गेले. जपानात कारण वेगळे: तिथे माणसेच कमी होत चालली आहेत, आणि २०२३ च्या सरकारी पाहणीत रिकामी घरे ९० लाखांच्या घरात निघाली.

आपल्याकडे माणसे कमी नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत आपल्या देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या वर घरे रिकामी आढळली. आणि २०१२ साली सरकारच्याच तज्ज्ञगटाने शहरी घरांची तूट पावणेदोन कोटींच्या वर सांगितली. घर आहे तिथे माणूस नाही आणि माणूस आहे तिथे घर नाही, याचा यापेक्षा उघड पुरावा कोणता हवा?

आता मी माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. श्रमिकांच्या स्वतंत्र घरांची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी कहाणी सोलापूरची आहे. तिथल्या विडी कामगार बायांनी, नरसय्या आडम मास्तरांच्या पुढारीपणाखाली, वर्षानुवर्षे मोर्चे काढून, सत्याग्रह करून घर मागितले. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने त्यांनी महिलांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, आणि सोलापुराबाहेर कुंभारीच्या माळावर दहा हजार घरे उभी राहिली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार स्त्री, अशा तिघांच्या पैशातून. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते त्यांचे लोकार्पण झाले. घर लहान, तळमजल्याचे, पण दार स्वतंत्र आणि संस्थेची सभासद घरातली बाई. ज्या बाईने जन्मभर पत्र्याच्या खोपटात गुडघ्यावर सूप घेऊन विड्या वळल्या, तिच्या घरावर तिचे नाव लागले. चळवळीत जन्म घालवलेल्या माणसाला याहून मोठे समाधान नाही.

पण समाधान हा काही हिशोब नव्हे. विडीवाल्या बाईचे घर हाच तिचा कारखाना. पाने व तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या, मोजून द्यायच्या. तिचा नवरा किंवा मुलगा बहुधा यंत्रमागावर, चादरी-टॉवेलच्या धंद्यात. म्हणजे सारी वसाहत दोन धाग्यांवर लोंबकळलेली. त्यांतला एक धागा कायद्यानेच झिजत चालला: २००३ साली तंबाखूविरोधी कायदा आला, २०१७ साली विडीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला, आणि १९७६ पासून विडी कामगारांच्या कल्याणासाठी जो उपकर गोळा होई तोही त्याच वर्षी रद्द झाला. ज्या उपकरातून या कामगारांच्या दवाखान्यांना, शिष्यवृत्त्यांना आणि घरांच्या अनुदानाला पैसा मिळे, तो मूळ झराच आटला. विडी ओढणे आरोग्याला वाईट आहे यात वाद नाही. परंतु विडी वळणारीचे पुढे काय, याचा विचार करणारे कलम त्या कायद्यांत मला दिसले नाही. दुसरा धागा, यंत्रमाग, तोही कसाबसा चालतो.

मग ती वसाहत कोसळली का? नाही. आणि का नाही, हे समजून घेणे आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. दहा हजार घरे म्हणजे पन्नास हजारांची वस्ती. एवढी माणसे एकत्र आली की बस येते, शाळा येते, बाजार भरतो. कोणी पुढच्या खोलीत किराणा मांडतो, कोणी शिलाईयंत्र टाकतो. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा धंदा वाढला, त्याची शिलाई घरोघर गेली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती वसाहत घरांच्या आधी संघटना होती. नळाला पाणी नाही, तर कोणाकडे जायचे हे तिथल्या बाईला ठाऊक आहे. ती एकटी जात नाही, हजारांनी जाते. ही वस्ती कुंभारी ग्रामपंचायतीच्या हद्दीत, महानगरपालिकेबाहेर. तेव्हा रस्ता कोणी करायचा, पाणी कोणी द्यायचे हे प्रश्न तिला सुटलेले नाहीत. पण ते प्रश्न विचारणारा आवाज तिथे आहे. पुढे त्याच चळवळीने रे-नगरची तीस हजार घरे मिळवली. २०१९ साली त्यांचे भूमिपूजन झाले आणि २०२४ च्या जानेवारीत पहिल्या पंधरा हजारांचे लोकार्पण पंतप्रधान मोदींनी केले. या वेळी बैठ्या घरांऐवजी मजल्यांच्या इमारती आल्या. जमिनीचा भाव आणि सरकारी योजनेचा साचा यांनी तो बदल घडवला, आणि वरच्या मजल्यावर विड्यांचे सूप घेऊन बसणे व अंगणात बसणे यांत फरक आहे, हे त्या बायांना विचारावे लागत नाही.

आता याच्याशी आपल्या पूर्णेची तुलना करा. मीटरगेजच्या काळात पूर्णा जंक्शन म्हणजे गजबजलेले गाव. वाफेच्या इंजिनांची शेड, ड्रायव्हर-फायरमनांची धावपळ, आणि रेल्वेची क्वार्टर्स; ओळीने बांधलेली, पुढे मागे मोकळी जागा असलेली. पगार वेळेवर, पाणी रेल्वेचे, दवाखाना रेल्वेचा. युनियनही दांडगी. नव्वदीच्या दशकात मोठा रूळ आला, वाफेचे इंजिन गेले. २००३ साली नांदेड विभाग सुरू झाला आणि कचेऱ्यांचा ओढा तिकडे गेला. २००८ पर्यंत अकोल्याची लाइनही मोठी झाली. क्वार्टर्सपैकी कित्येक ओस पडली, चौकटी गेल्या, झाडे उगवली. माणसांत काही उणे नव्हते, बांधकामही इंग्रजी-निजामी काळचे पक्के. परंतु पाणी, दिवा, दवाखाना, पगार, सारे एकाच धन्याचे होते. धनी दुसरीकडे वळला तेव्हा मागे उरली ती वसाहत नव्हती, नुसत्या भिंती होत्या. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली तेव्हा कामगार तितकेच देशोधडीला लागले. पण ते राहत होते शहराच्या मोहल्ल्यांत, मिलच्या आवारात नव्हे. मिल गेली तरी मोहल्ला राहिला. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रिक्षा घेतली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच गेल्या. गिरणगावच्या चाळींनी ती वर्षे कशीबशी सोसली, कारण एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे होती आणि उधारीवर खाणावळ चालवणाऱ्या बाया होत्या. एकेकट्या कुंपणातल्या घराला असा मार सोसणे फार जड जाते.

स्वतंत्र घरांचा आणखी एक प्रयोग आपल्या मराठवाड्यात झाला आहे आणि तो आपण पुरेसा अभ्यासलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे झोपेतल्या माणसांवर आले. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून, अनेक संस्थांच्या मदतीतून बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. हेतू चांगला. पण आराखडा शहरातल्या कॉलनीचा: रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, मधोमध एकेक घर. आणि घराचे माप? भूमिहीनाला व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावरच्याला ७५०. भूकंपाने गरीब-श्रीमंत एका ढिगाऱ्याखाली आणले होते; सरकारने पुन्हा त्यांची वर्गवारी सिमेंटमध्ये करून ठेवली. मी हे वाचले तेव्हा पुष्कळ वेळ पुस्तक बाजूला ठेवून बसलो.

नवी गावे जुन्याच्या कित्येक पट जागेवर पसरली. शेत लांब पडले, बैलाला जागा नाही, शेजारीण हाकेच्या अंतरावर नाही. लोकांनी हळूहळू पत्र्याची शेड उभारली, गोठा केला, पुढे दुकान काढले, कुंपण हलवले. आराखडा करणाऱ्यांना हे अतिक्रमण वाटले. मला ते गावाने वसाहतीचे पुन्हा गाव करणे वाटते. ज्या वसाहतीत हा बदल करता येतो ती टिकते. जिथे नियम, जागा किंवा पैसा तो करू देत नाही ती सुकते.

पसारा म्हणजे काय ते आकड्यात पाहू, कारण प्लॉटच्या पाटीवर हा आकडा नसतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गुंठ्याचे प्लॉट असतील तर दर घरामागे साडेसोळा फूट रस्ता, साडेसोळा फूट नाली, साडेसोळा फूट पाण्याची नळी पडते. निम्मे प्लॉट रिकामे राहिले तर तेच तेहेतीस फूट. आणि आपल्याकडे निम्मे रिकामे राहतातच, कारण घेणारा राहायला घेत नाही, भाव वाढण्यासाठी घेऊन ठेवतो. त्या रिकाम्या जागेत वेडी बाभूळ, डुकरे आणि साप. उलट एकाच गुंठ्यावर दोन मजले होऊन तीन बिऱ्हाडे राहिली, तर दर बिऱ्हाडामागे साडेपाच फूट. नळी फुटली की दुरुस्तीला तितकाच खर्च येतो. फरक एवढाच की तो तिघांनी वाटायचा की एकट्याने दोघांचा सोसायचा. नगरपालिका आणि ग्रामपंचायती कंगाल का, याची अनेक कारणे सांगतात. त्यांतले एक हे साडेसोळा फुटांचे आहे.

पाण्याचे तर विचारूच नका. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. शहराच्या जुन्या भागात टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला तर शंभर घरे घागरी घेऊन येतात. पसरलेल्या कॉलनीत तोच टँकर दर कोपऱ्यावर थांबवावा लागतो. ज्याच्या अंगणात बोअर त्याला त्याची फिकीर नसे. त्या वर्षी पाचशे फुटांवरचे बोअरही धूळ ओकू लागले, तेव्हा बंगलेवाला आणि झोपडीवाला एकाच रांगेत आले. किल्लारीसारखेच. फक्त या वेळी माणूस हातात भांडे घेऊन जिवंत उभा होता.

कायद्याचा आधारही अशा वसाहतींना डळमळीतच मिळाला. शेतजमीन बिनशेती न करता, रेखांकन मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. औरंगाबादेत, ज्याला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात, अशा कित्येक वस्त्या झाल्या. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. २०२१ साली दुरुस्ती करून २०२० अखेरपर्यंतच्या वस्त्या त्यात घेतल्या. नियमित करणे म्हणजे दंड भरून कागद मिळणे. कागदाने नाली होत नाही, पण कागदावाचून बँक कर्ज देत नाही. म्हणून ज्याने स्वस्तात घेतले त्याने सावकाराच्या दराने बांधले. गरिबाला स्वस्त पडणारी वस्तू शेवटी महाग कशी पडते याचा हा नमुना आहे.

तर मग निवृत्त कामगाराला मी काय सांगतो? 'घेऊ नको' असे सांगत नाही. भाड्याच्या खोलीत म्हातारपण काढणे काय असते हे मला ठाऊक आहे. आणि २०१४ साली ज्या भविष्यनिर्वाह योजनेचे किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये ठरले, त्यात भाडेही भागत नाही. पण मी त्याला प्लॉटऐवजी वसाहत पाहायला सांगतो. तिथे दिवे लागणारी घरे किती, ते रात्री जाऊन मोज. तिथून कामाला, दवाखान्यात, शाळेत मोटारसायकलीवाचून जाता येते का ते पायी चालून पाहा, कारण सत्तराव्या वर्षी मोटारसायकल तुला चालवायची नाही. तिथले सारे लोक एकाच कारखान्याचे, एकाच खात्याचे असतील तर जरा थांब. वर एक मजला चढवायला, पुढे एक गाळा काढायला, मागची खोली भाड्याने द्यायला परवानगी आणि पाया आहे का ते विचार. घर म्हातारपणी माणसाला पोसते ते अशा एखाद्या खोलीच्या भाड्याने. नुसत्या अंगणाने नव्हे. आणि ऊन पाहा. आमच्या परभणीच्या उन्हाळ्यात चारी बाजूंनी उघडे, सपाट स्लॅबचे घर भट्टी होते. शेजाऱ्याच्या भिंतीची सावली ही फुकटची वस्तू आहे आणि ती पाटीवर लिहीत नाहीत.

संघटना म्हणून आम्ही एक गोष्ट करून पाहतो आहोत. एकेकट्याने प्लॉट घेण्याऐवजी दहा-बारा जणांनी मिळून, लागून लागून घ्यायचे; आधी बोअर आणि नाली सामाईक, मग घरे. तल्मकींनी शंभर वर्षांपूर्वी मोठ्या शहरात जे केले त्याचीच ही गरिबाघरची आवृत्ती. अडचणी पुष्कळ येतात. भाऊबंदकी येते, एकाचा हप्ता थकतो, दुसऱ्याच्या मुलाला दिशा पटत नाही. दोन ठिकाणी जमले, तीन ठिकाणी मोडले.

ताडकळसपुरते बोलायचे तर येथे वेळ अजून गेलेली नाही. पूर्णेच्या, पालमच्या, परभणीच्या रस्त्याला अजून पिके उभी आहेत, गावठाण अजून गावाच्या मध्यात जिवंत आहे, बाजार तिथेच भरतो. मंजूर रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती पुष्कळ ठिकाणी मूळ मालकाच्याच नावावर राहते आणि दहा वर्षांनी तिचेही प्लॉट पडतात. ग्रामसभेत पहिला प्रश्न हा विचारा की आपल्या गावातल्या प्रत्येक रेखांकनाची मोकळी जागा आणि रस्ते आज कोणाच्या नावावर आहेत. उतारा तलाठ्याकडे मिळतो; आता तो संगणकावरही पाहता येतो, आणि तो पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.